फौजेतलं मेडल हरवलंय? आधी कागद शोधा, मेडल नंतर

मेडल हरवलं म्हणजे सन्मान गेला असं नसतं, हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण घरातली वयस्कर माणसं याच गोष्टीने हाय खातात. वीर चक्र, सेना मेडल असे शौर्य पुरस्कार भारत सरकारच्या राजपत्रात छापून येतात, आणि सेवेची मेडल म्हणजे सैन्य सेवा, संग्राम, नऊ वर्षं सेवा वगैरे सगळी त्या माणसाच्या सर्व्हिस रेकॉर्डला चढतात, हातात येतो तो त्या नोंदीचा धातू. नोंद शाबूत असेल तर धातू परत मिळवता येतो किंवा तसाच दुसरा करून घेता येतो, पण नोंदच सापडली नाही तर समोर मेडल असूनही ते कुणाचं हे सिद्ध करताना नाकी नऊ येतात. शौर्य पदकाबरोबर जो दरमहा भत्ता मिळतो, म्हणजे १ ऑगस्ट २०१७ पासूनच्या दराने परमवीर चक्राला २०,०००, वीर चक्राला ७,०००, शौर्यासाठीच्या सेना मेडलला २,००० रुपये, तोसुद्धा मेडल हरवलं म्हणून बंद होत नाही, तो मंजुरीच्या कागदावर चालतो, छातीवरच्या पदकावर नाही.

मी नाशिकरोडला राहतो, आजूबाजूला माजी सैनिकांची घरं पुष्कळ, त्यामुळे अशा अर्जांना मदत करायची वेळ वरचेवर येते. आणि जवळजवळ प्रत्येक घरात सुरुवात चुकीच्या टोकाने झालेली असते. कुणीतरी नेटवर मेडलचा फोटो शोधतं, कुणी थेट दुकानातून नवीन आणून फ्रेम करून भिंतीला लावतं, आणि वडिलांना नेमकी कोणती मेडल होती हे कुणालाच धड माहीत नसतं. मग कधीतरी कळतं की फ्रेममध्ये दोन मेडल जास्तीची आहेत आणि जे खरं होतं तेच राहून गेलंय. ज्या माणसाने ते कमावलं त्याच्यावर हा अन्यायच आहे असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा, मेडल हरवलं की कधी मिळालंच नव्हतं? हा प्रश्न फार मोलाचा आहे. फौजेत मेडल जाहीर झालं की रिबन, म्हणजे ती रंगीत पट्टी, लगेच लावता येते, प्रत्यक्ष मेडल मात्र टांकसाळीतून बनून, त्यावर नाव कोरून मागाहून येतं आणि त्याला कधीकधी वर्षानुवर्षं लागतात. तोवर कितीतरी जवान रिटायर होऊन गावी आलेले असतात. युनिफॉर्मवरच्या फोटोत रिबन दिसते, घरच्यांना वाटतं मेडल होतं आणि आपण हरवलं, पण ते घरात कधी आलेलंच नसतं. तसं असेल तर हा डुप्लिकेटचा विषयच नाही, हे पहिल्यांदा द्यायचं राहिलेलं मेडल आहे, ते त्यांच्या हक्काचं आहे. त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद करायला धावायचं नाही, उलट तशी नोंद केलीत तर तुम्हीच कागदावर कबूल करून बसता की मिळालं होतं.

आता प्रकार किती आहेत ते समजून घेऊ. एक म्हणजे मूळ मेडल, ज्याच्या कडेवर त्या सैनिकाचा नंबर, रँक, नाव आणि युनिट असतं. दुसरी म्हणजे सरकारनेच रेकॉर्ड बघून परत दिलेली अधिकृत डुप्लिकेट, ही टांकसाळीतलीच असते आणि तिच्यामागे सरकारी कागद असतो. इंग्लंडमध्ये अशा बदलून दिलेल्या मेडलच्या कडेवर तसा शिक्का मारायची पद्धत आहे म्हणजे मूळ आणि नंतरचं यात गल्लत होत नाही. तिसरी म्हणजे रेप्लिका, खासगी कारागिराने बनवलेली, दुकानात कुणालाही विकत मिळते, तिच्यामागे कसलाही सरकारी आधार नाही. आणि चौथं मिनिएचर, मेसच्या कार्यक्रमाला घालायची छोटी मेडल, ती मुळातच छोटी असतात, नकली नसतात, तेव्हा पेटीत छोटी मेडल सापडली म्हणून "ही तर खोटी निघाली" असं म्हणून टाकून देऊ नका, असं झालेलं मी ऐकलंय.

कागद कोणते बघायचे? जवान किंवा जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार वगैरे) असेल तर सगळ्यात आधी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक. त्यात मेडलचं पान असतं, त्यावर मेडलची नावं आणि क्लॅस्प, म्हणजे रिबनवर बसणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, लिहिलेले असतात. ते पान मोबाईलवर नीट उजेडात काढा, कडा कापल्या जाऊ देऊ नका. मग पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, माजी सैनिकाचं ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड, यातल्या कशावर तरी आर्मी नंबर सापडतोच. आर्मी नंबर ही सगळी किल्ली आहे. नावावरून शोधायला गेलात तर एकाच नावाची कितीतरी माणसं निघतात, आणि आपल्याकडची नावं तेव्हाच्या कारकुनाने इंग्रजीत जशी कानावर पडली तशी लिहिलेली, कुठे आडनावच नाही, कुठे वडिलांचं नाव आडनावाच्या जागी. अर्जात नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच्या तसं लिहायचं, आधार कार्डावर वेगळं असलं तरी, आणि फरक प्रतिज्ञापत्रात एका ओळीत स्पष्ट करायचा.

डिस्चार्ज बुकच नसेल तर नोकरीच्या तारखांवरून बराच अंदाज येतो. १९६५ च्या युद्धात लढणाऱ्यांना समर सेवा स्टार आणि त्या काळात सेवेत असलेल्यांना रक्षा मेडल. १९७१ ला पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडच्यांना पश्चिमी स्टार, आणि सेवेत असलेल्या सगळ्यांना संग्राम मेडल. १५ ऑगस्ट १९७२ ला जो सेवेत होता त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल, तसंच १५ ऑगस्ट १९९७ ला पन्नासाव्या वर्षाचं. सेवेची ९, २० आणि ३० वर्षं झाली की त्याची वेगळी. कारगिलला १९९९ मध्ये ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. सैन्य सेवा मेडल एकच पण त्यावर हिमालय, जम्मू काश्मीर असे वेगवेगळे क्लॅस्प येतात, ही पट्टी निसटते आणि लोकांच्या लक्षातही राहत नाही. तसंच डिस्पॅचेसमध्ये, म्हणजे लढाईच्या सरकारी अहवालात, नावाचा गौरवाने उल्लेख झालेला असेल तर रिबनवर छोटं कमळाचं पान लागतं, ते तर नखाएवढं, पेटीच्या तळाशी धुळीत शोधा.

सिन्नरकडच्या एका घरात असंच झालं. काकूंनी बिस्किटाचा जुना डबा समोर ठेवला, त्यात एकाच पिनेवर ओळीने चार रिबन आणि खाली लटकलेली दोनच मेडल. काकू म्हणाल्या, "मामंजींची आहेत. अजून दोन चांदीची होती, बहात्तरच्या दुष्काळात मोडली असतील, तेव्हा घरातलं सगळंच मोडलं." मी मोकळ्या रिबन बघितल्या. एकीवर गडद निळा, लाल, फिकट निळा असे तीन सारखे पट्टे, ती १९३९-४५ स्टारची, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या चांदणीच्या आकाराच्या मेडलची. दुसरीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. घरात सगळे तिला इतकी वर्षं कुठल्यातरी पक्षाच्या झेंड्याची पट्टी समजत होते. ती इटली स्टारची रिबन आहे, त्याच युद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेल्या मेडलची. मी विचारलं, "काकू, मामंजी इटलीला होते का?" तर म्हणाल्या, "थंडी फार होती एवढंच सांगायचे. बाकी त्या विषयावर बोलायचेच नाहीत." मग उरलेल्या गोल मेडलची कड भिंगाखाली तिरप्या उजेडात धरली, तर नंबर, नाईक हा हुद्दा, नाव आणि जुन्या स्पेलिंगमध्ये मराठा रेजिमेंट, सगळं स्वच्छ वाचता आलं. ज्या रेजिमेंटच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांची सर्वोच्च शौर्यपदकं, मिळाले त्याच रेजिमेंटचे हे. आणि महत्त्वाचं म्हणजे ते दोन्ही स्टार चांदीचे नसतातच, पितळेसारख्या पिवळट मिश्रधातूचे असतात, सराफ ते घेणारच नाही, म्हणजे मोडले नसणार. पुढे नातवाने घर उलथंपालथं केलं तेव्हा एक स्टार देवघराच्या खणात सापडला, मागच्या बाजूला नाव कोरलेला. इटलीचा मात्र नाही मिळाला.

तेव्हा घरात एक जरी मेडल उरलं असेल तरी आधी त्याची कड वाचा, चांदणीच्या आकाराचं असेल तर पाठ वाचा. आणि हात जोडून सांगतो, वाचायच्या आधी घासू नका. दिवाळीच्या साफसफाईत तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर चिंच लावून मेडल घासली जातात, दरवर्षी थोडं थोडं करत कडेवरची अक्षरं जातात आणि एकदा ती गेली की कुठलंही ऑफिस ती परत आणून देऊ शकत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसलं की पुरे.

नंबर हातात आला की रेकॉर्ड ऑफिस. प्रत्येक रेजिमेंटचं, प्रत्येक कोअरचं रेकॉर्ड ऑफिस वेगळं असतं आणि अर्ज तिथेच जातो, दिल्लीला संरक्षण मंत्र्यांना पत्र लिहून काही होत नाही, ते फिरून परत तिथेच येतं. आपल्याकडे नाशिकला एक मोठी सोय अशी की तोफखान्याचं, म्हणजे आर्टिलरीचं रेकॉर्ड ऑफिस आपल्याच नाशिकरोड कॅम्पला आहे, देशभरातल्या गनर लोकांचे अर्ज इथे येतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे लष्करी इंजिनिअर लोकांचं, पुण्यात खडकीला, रणगाड्यांवाल्यांचं अहिल्यानगरला, सिग्नलचं जबलपूरला, ईएमईचं, म्हणजे लष्कराची यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्यांचं, सिकंदराबादला. नौदलातल्या सेलर लोकांचं मुंबईत मानखुर्दला आणि हवाई दलातल्या एअरमनचं दिल्लीत सुब्रतो पार्कला. अधिकाऱ्यांचं रेकॉर्ड मात्र रेजिमेंटच्या ऑफिसला नसतं, ते दिल्लीच्या मुख्यालयातून चालतं. कुठे पाठवायचं हे कळत नसेल किंवा अर्ज लिहिता येत नसेल तर नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, ते ऑफिस याचसाठी आहे, अर्जावर त्यांची सही-शिक्का असला की पुढे तो नीट वाचला जातो. वीरपत्नी आणि माजी सैनिकांची नोंद त्यांच्याकडे असते, तिथूनही आर्मी नंबर मिळून जातो.

पहिल्या अर्जात मेडल मागूच नका असं माझं मत आहे. पहिल्या पत्रात फक्त एवढं विचारा की अमुक नंबरच्या अमुक सैनिकाला कोणकोणती मेडल आणि क्लॅस्प देय आहेत, त्यातली कोणती दिली गेली आणि कधी. उत्तर आलं की सगळं चित्र स्पष्ट होतं, दोन मेडल कधी दिलीच नव्हती, तीन दिली होती, एक शौर्याचं आहे वगैरे. मग त्याप्रमाणे दुसरा अर्ज. लोकांना हे लांबण वाटतं, पण एकत्र सगळं मागितलेला मोघम अर्ज जास्त दिवस पडून राहतो असाच माझा अनुभव आहे.

हरवलेल्या मेडलसाठी मग पुरावे लागतात. चोरी झाली असेल तर एफआयआर, नुसतं गहाळ झालं असेल तर पोलीस ठाण्यातून गहाळ झाल्याचा दाखला, आणि कसं, कुठे, साधारण कधी गेलं याचं प्रतिज्ञापत्र. त्याबरोबर डिस्चार्ज बुकाची प्रत, ओळखपत्र, आणि सैनिक हयात नसेल तर मृत्यू दाखला आणि नात्याचा पुरावा. डुप्लिकेटसाठी पैसे भरावे लागतील तर ते रेकॉर्ड ऑफिस लेखी कळवतं, तोवर कुणालाही एक रुपया देऊ नका, मधल्या माणसाला तर नाहीच. आणि सगळीकडे झेरॉक्स द्यायच्या, मूळ डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात सोडायचं नाही.

चोरीची खोटी तक्रार कधीच करू नका. घर बदलताना गेलं असेल तर तसंच लिहा, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुरात गेलं असेल तर त्याचाही रीतसर पुरावा असतो. नाशिककरांना वेगळं सांगायला नको, २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पाणी आलं तेव्हा सराफ बाजार, भांडी बाजारापर्यंत दुकानांत पाणी शिरलं, काठावरच्या घरांचं तर विचारू नका. तेव्हा ज्यांच्या घराचा पंचनामा झाला त्यांच्याकडे त्याची प्रत असेल तर ती अर्जाला जोडा, पेट्या भिजल्या, सामान वाहून गेलं हे सरकारी कागदावरच आहे.

चोरीला गेलं असेल तर एफआयआर डुप्लिकेट मिळण्यासाठी तर लागतोच पण मूळ परत मिळायचं दारही त्यामुळेच उघडं राहतं. नाईक किरपा राम यांचं उदाहरण बघा. बॉम्बचं प्रशिक्षण चालू असताना साथीदारांना वाचवताना १९४५ मध्ये त्यांचा जीव गेला, त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटिशांचं मोठं शौर्यपदक मिळालं. ते पदक त्यांच्या पत्नीच्या हिमाचलमधल्या घरातून चोरीला गेलं आणि २००९ मध्ये थेट लंडनच्या लिलावात निघालं. कुटुंबाने हक्क सांगितला, लिलाव थांबला, आणि पुढे बऱ्याच झगड्यानंतर पदक त्या माउलीकडे परत आलं. पदकावर नाव कोरलेलं असतं म्हणून हे शक्य होतं. म्हणूनच म्हणतो, घरातल्या प्रत्येक मेडलचे पुढून, मागून आणि कडेचे फोटो आजच काढून ठेवा, हरवायच्या आधी.

वारसांचा विषय नाजूक आहे. सैनिकानंतर पत्नी, ती नसेल तर मुलं, असं साधारण चालतं, आणि मुलं तीन-चार असली की अर्ज एकाने करायचा आणि बाकीच्यांनी ना हरकत लिहून द्यायची. इथे भांडणं होतात, खरंच होतात, मळ्याच्या वाटण्या हसत केलेली भावंडं आबांच्या मेडलवरून अबोला धरतात, कारण जमिनीचे तुकडे पडतात, मेडल एकच असतं. अशा घरात रेप्लिका हा खूप चांगला मार्ग आहे. मूळ सेट एकाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये, आणि प्रत्येक भावंडाकडे रेप्लिकांची एकेक फ्रेम. मूळ न हरवताही रेप्लिका करून घ्यायला काहीच हरकत नाही, उलट भिंतीवर रेप्लिका आणि मूळ सुरक्षित जागी हीच शहाणी पद्धत.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती माहीत असलेली बरी. पेन्शन न घेता फौजेतून बाहेर पडलेल्यांची सविस्तर कागदपत्रं २५ वर्षं ठेवून मग नष्ट करायचा नियम आहे. म्हणजे साठच्या दशकात पाच-सात वर्षं नोकरी करून घरी आलेल्या माणसाची पूर्ण फाईल आज बहुतेक नसते. पण लाँग रोल नावाचं रजिस्टर असतं, ते कायम ठेवतात, त्यात नंबर, नाव, भरती आणि डिस्चार्जच्या तारखा एवढं तरी मिळतं. "रेकॉर्ड नष्ट झालं" असं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, लाँग रोलप्रमाणे माहिती द्या असं स्पष्ट लिहून परत विचारा. अशा घरांत मग तुमच्याकडचा कागदच मोठा पुरावा ठरतो. अमेरिकेत तर १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागून माजी सैनिकांच्या १.६ ते १.८ कोटी फायली गेल्या, आणि आजही तिथली कुटुंबं मेडलसाठी अर्ज करतात तेव्हा घरातल्या जुन्या डिस्चार्ज पेपरवरूनच त्यांचं काम होतं.

चक्र मालिकेची मेडल, परमवीर, महावीर, वीर आणि शांतता काळातली अशोक, कीर्ती, शौर्य, ही सेवा मेडलसारखी रेकॉर्ड ऑफिसच्या पातळीवर निघत नाहीत, ते प्रकरण वर मुख्यालयात आणि मंत्रालयात जातं, वेळ लागतो. पण पुरावा मिळवायला हीच सगळ्यात सोपी, राजपत्रात नाव असतं आणि संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या वेबसाइटवर विजेत्यांची नावं आणि कामगिरीचं वर्णन आहे, ते डाउनलोड करून प्रिंट काढून ठेवा. सनद हरवली असेल तर निदान ते वर्णन फ्रेममध्ये लावता येतं, आणि मला विचाराल तर मेडलपेक्षा ते वाचायला नातवंडं जास्त वेळ थांबतात.

इंग्रजांच्या काळातल्या मेडलचं वेगळं. पहिल्या महायुद्धाची मेडल ब्रिटिश सरकार आता बदलून देत नाही, तेव्हा तिथे रेप्लिका हाच एक मार्ग. त्या युद्धातलं ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्या सैनिकांना खऱ्या चांदीचं दिलं होतं आणि पलटणीबरोबरच्या मजूर, खेचरवाल्या लोकांना तेच ब्राँझमध्ये. चांदीचं असल्यामुळेच ते जगभर सर्रास वितळवलं गेलं, ब्राँझचं मात्र टिकलं. तुमच्या पणजोबांचं ब्राँझचं निघालं तर ते नकली समजू नका. फाळणीत ज्या पलटणी पाकिस्तानकडे गेल्या त्यांची कागदपत्रंही तिकडे गेली, तेव्हा आधी पलटण कोणती आणि ती कुणाच्या वाट्याला आली हे बघा.

आता रेप्लिका घ्यायची तर कशी बघून घ्यायची. चांगली रेप्लिका साच्यात दाबून, ठसा मारून केलेली असते, कडा धारदार, अक्षरं उठावदार. हलकी रेप्लिका मूळ मेडलवरून साचा घेऊन ओतलेली असते, धातू थंड होताना आकसतो म्हणून ती मूळपेक्षा किंचित लहान निघते आणि नक्षी बोथट दिसते, बारीक अक्षरांच्या खळग्यांत फुगे दिसतात. दोन्ही शेजारी ठेवून हातात घेतली की वजनावरूनच कळतं. जुनी म्हणून कुणी रिबन विकत असेल तर दुकानदारांकडे नोटा तपासायचा निळा दिवा असतो त्याखाली धरा, हल्लीचा पॉलिस्टरचा धागा बहुधा चमकतो, जुना सुती-रेशमी बहुधा चमकत नाही.

देवळाली कॅम्पला लष्करी कपडे शिवणारे टेलर आहेत, तिथे मेडल बसवण्याचं काम बघत उभं राहायला मला फार आवडतं. आतून कडक बकरम, त्यावर रिबन एकसारख्या उंचीच्या कापून घट्ट शिवतात, मेडल जास्त असतील तर एकावर एक थोडी चढवून, आणि खालच्या कडा सगळ्या एका रेषेत आल्याच पाहिजेत. सगळ्यात मानाचं मेडल छातीच्या मध्याकडे येतं, म्हणजे समोरून बघणाऱ्याला डावीकडचं पहिलं. क्रम ठरलेला आहे, स्वतःच्या मनाने रंगसंगती बघून लावायचा नाही. टेलरकडे जाताना रेकॉर्ड ऑफिसचं पत्र किंवा डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स घेऊन जा, अनुभवी माणूस त्यावरून क्रम बरोबर लावून देतो.

रेप्लिकेच्या कडेवर मूळसारखाच नंबर आणि नाव कोरून घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. आज तुम्हाला माहीत आहे की ही प्रत आहे, पण पन्नास वर्षांनी ती पेटीत सापडेल तेव्हा कोण सांगणार? कोरायचंच असेल तर नावापुढे "प्रत" एवढा शब्द कोरा, आणि फ्रेमच्या मागे चिठ्ठी चिकटवा, कोणती मूळ, कोणती अधिकृत डुप्लिकेट, कोणती विकत घेतलेली आणि कोणत्या साली.

घालायचं कुणी? ज्याने कमावलं त्या माजी सैनिकाने मूळ हरवलं म्हणून रेप्लिका लावली तर त्यात काही चुकीचं नाही, मूळ यायला उशीर होतो म्हणून सेवेतले जवानसुद्धा लावतात. हक्क मेडलवर आहे, त्या विशिष्ट तुकड्यावर नाही. सैनिक आपली मेडल छातीच्या डाव्या बाजूला लावतो. दिवंगत सैनिकाच्या जवळच्या नातेवाइकांना श्रद्धांजलीच्या कार्यक्रमांत त्यांची मेडल उजव्या बाजूला लावायची मुभा सैन्याने दिलेली आहे, बाजूवरूनच कळतं की ही वारशाची आहेत. पण आपण सैनिक आहोत असं भासवायला वर्दी किंवा फौजेची निशाणी मिरवणं हा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शाळेतल्या गॅदरिंगला आजोबांची मेडल लावून पाठवता तेव्हा मुलाला आधी समजावून सांगा की ही कुणाची आणि कशासाठी मिळालेली.

अर्ज स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पूर्ण अर्जाची झेरॉक्स एका फाईलीत, जमलं तर तीच स्कॅन करून रेकॉर्ड ऑफिसच्या ई-मेलवरही. दोन-तीन महिन्यांत पोच नाही आली तर जुन्या पत्राचा संदर्भ देऊन आठवणपत्र, नवीन अर्ज नाही, नाहीतर दोन फायली तयार होतात आणि एकीचं उत्तर दुसरीला लागतं. तरीही शांतता असेल तर माहितीच्या अधिकारात फक्त एवढं विचारा की अमुक तारखेच्या अर्जावर काय कारवाई झाली, सध्या तो कुठल्या सेक्शनला आहे. आणि मेडल आलं की पाकीट घेतल्या घेतल्या कड वाचा, नंबर, रँक, स्पेलिंग डिस्चार्ज बुकाशी ताडून बघा, काही चुकलेलं असेल तर फ्रेम करायच्या आधी, पोचपावतीवर सही करतानाच तिथे लिहून परत पाठवा, कारण एकदा बरोबर मिळालं अशी पोच गेली की तीच चूक दुरुस्त करायला सगळा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.